बगळ्याचं जाकीट

आमच्या गहाणाच्या पेढीला दोन दारं होती. पुढच्या दारानं पुरुष यायचे. गादीवर टेकायचे, सावित्रीचं पाणी किती चढलंय, कशेडीच्या घाटात कुणाचा ट्रक अडकलाय असं काहीबाही मामंजींशी बोलायचे आणि मग इकडेतिकडे बघत कनवटीची पुरचुंडी काढायचे. बायका मागच्या दारानं यायच्या. ते दार माझ्या माजघरात उघडायचं. त्यांच्या हातातलं घेऊन पडद्याआडून मामंजींना द्यायचं, मामंजींनी दिलेले पैसे आणि चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवायची, हे काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आलं. बायका सुनेपाशी मोकळ्या होतात, असं मामंजी म्हणत. सासूपाशी होत नाहीत, हे ते मोठ्यानं म्हणत नसत.

पेढीचा नियम असा की घर उघडं टाकायचं नाही. कुलूप लावूनही नाही. दुसऱ्यांचं सोनं घरात आहे, तेव्हा घरातली एक तरी बाई चोवीस तास घरात पाहिजे. सासूबाईंनी तो नियम त्यांच्या सासूकडून घेतला होता. मी आल्यावर त्या देवळात तेवढ्या जायला लागल्या, तेही घाईघाईत. बाजारात किंवा एस.टी. स्टँडवर जायचं त्यांच्या अंगवळणी पडलंच नव्हतं. मी तर कुठेच जात नव्हते, कारण चिमी लहान होती. महाड मी बघितलं ते माळ्यावरच्या गजांतून: समोरचं कौलारू छप्पर, त्यावरचं शेवाळ, खाली छत्र्यांचे माथे.

आणि एक रीत होती. गहाण सुटून वस्तू परत जाताना तिला उजाळा द्यायचा. मुरारशेटकडे, म्हणजे मामंजींकडे, ठेवलेला दागिना ठेवल्यापेक्षा लखलखीत परत मिळतो, असं पार पोलादपूरपर्यंत बोललं जायचं. लोक मुरारशेटचं नाव घेत, पण तो उजाळा होता सासूबाईंच्या हातचा. मागच्या पडवीत पाट टाकून, रिठ्याच्या पाण्यात पुतळ्या, वजरटीका, नथी बुडवून त्या कुंचल्यानं घासत बसायच्या. भांडं असलं तर चिंच. भांड्यावरचं नाव झिजलं असलं तर ते पुन्हा घालून द्यायचं, तेही फुकट. ते काम ह्यांचं. लग्नसराईत हे पोलादपूरच्या बाजारात बसून आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचे, त्यामुळे हात बसलेला. "वस्तू आली त्याहून कमी होऊन आपल्या घरातून जात नाही," हे वाक्य मामंजी दिवसातून एकदा तरी म्हणत.

एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात महरू मागच्या दारानं आली आणि तिनं माझ्यापुढे एक जाकीट टाकलं.

महरुन्निसा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा दिलावर उतारूंच्या बोटीवर स्टुअर्ड होता, वर्षा-दीड वर्षानं घरी यायचा. ती आधी तिच्या सासूची बांगडी घेऊन यायची तेव्हा आमची ओळख झाली. मग बांगडी नसली तरी यायला लागली. चिमीला मांडीवर घ्यायची, मला गल्लीतल्या बातम्या सांगायची. तिच्या तोंडून मी महाडात हिंडायचे.

"हे काय गो?" मी विचारलं.

"ठेवून घे. किती देतील ते देऊ देत. पर ठेवून घे."

निळ्या जीनचं जाड जाकीट होतं. कोपराशी सिगारेटनं जळलेलं भोक. पाठीवर काळ्या शाईनं चार सह्या, एकात एक अडकलेल्या, आणि खाली चार-पाच रेघांत काढलेला एक पक्षी, एका पायावर उभा.

मी पडद्याआडून आत दिलं. पलीकडे कापड उलटंसुलटं केल्याचा आवाज आला. मग मामंजी म्हणाले, "सूनबाई, हे काय आहे?"

"जाकीट आहे."

"ते दिसतंय. फाटकं आहे, वर लिहून घाण केलंय." मग तराजूची साखळी वाजली. "बटणं तांब्याची आहेत. सहा. बटणांवर देतो."

महरू तोंडाला ओढणी लावून हसली. "सांग शेटना, विलायतेत ह्या जाकिटासाठी पोरी रडल्या असत्या."

"त्यांना नको सांगू," मी म्हटलं, "मला सांग."

तिनं सांगितलं. दिलावरच्या बोटीवर एकदा एक गोऱ्यांचा बँड चढला होता. 'द आयर्न हेरॉन्स'. मी ह्यांचा शाळेतला शब्दकोश काढून बघितलं, तर लोखंडी बगळे! आम्ही दोघी इतक्या हसलो की चिमी दचकली. तर हे लोखंडी बगळे म्हणे तिकडे फार नावाजलेले. केस खांद्यापर्यंत, रात्रभर गिटारी बडवायचे. पण समुद्र खवळला आणि चौघेही आडवे झाले. दिलावरनं तीन दिवस त्यांना आल्याचा चहा आणि कोरा भात भरवला, त्यांच्या बादल्या उचलल्या. उतरताना त्यांच्यातल्या मोठ्यानं अंगातलं जाकीट काढलं, चौघांनी सह्या केल्या आणि याच्या हातात दिलं.

"आणि घरी काय म्हनतात?" महरू म्हणाली. "सासरे म्हनतात, खलाशाचं फटकूर. नणंद परवा त्यानं कंदिलाची काच पुसायला निघालेली. म्हनून आणलं. इथं कुणी हात लावनार नाय."

ते जाकीट तिला नुसतं जपायचं नव्हतं. तिला ते विकायचं होतं, आणि विकून जायचं होतं. भिवंडीला एका उर्दू अध्यापक विद्यालयात तिला जागा मिळणार होती. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, मग शाळेत मास्तरीण. दिलावर जाताना म्हणाला होता, शिक, पण अब्बांकडे मागू नको, मागितलंस की नाही म्हणतील आणि एकदा नाही म्हटलं की मलाही नाही म्हणावं लागेल. पगार तो बापाच्या नावानं पाठवायचा, तीच रीत होती. महरूच्या नावावर त्यानं ठेवलं ते हे जाकीट. "तुझं आहे, विकून टाक," असं म्हणाला आणि गिऱ्हाईकही सांगून गेला. बोटीवर जायच्या आधी तो पाचगणीला एका शाळेच्या भटारखान्यात होता. तिथल्या संगीताच्या पारशी मास्तरांना, केरसी मास्तरांना, तो बोटीवरून रेकॉर्डी आणून द्यायचा. मास्तरांकडे म्हणे खोलीभर असलं सामान होतं: तुटक्या तारा, ढोलाच्या काठ्या, सह्या केलेली चित्रं. जाकीट त्यांनी पाहिलं होतं. फीला आणि वसतिगृहाला पुरून उरेल एवढी रक्कम कबूलही केली होती.

"मग आत्ताच का नाही देत?"

"प्रवेशाचं पत्र येऊ दे. पैसा आधी हातात आला तर घरात राहील होय?"

तिचं बरोबर होतं. घरात पैसा लपवायची जागा आणि बाईची जागा, दोन्ही सगळ्यांना ठाऊक असतात.

त्या उन्हाळ्यात एकदा तिनं दिलावरचा टेपरेकॉर्डर ओढणीखाली लपवून आणला. सासूबाई पडवीत होत्या. आम्ही चुलीपाशी बसलो आणि अगदी बारीक आवाजात लोखंडी बगळे लावले. मला वाटलं होतं गाणं असेल. आधी काहीतरी कोसळल्यासारखं झालं, मग एक माणूस ओरडायला लागला, आणि त्या ओरडण्याच्या खाली एक तार अशी काही वर वर चढत गेली की माझ्या हातातली पळी तशीच राहिली. चिमी एरवी भांडं वाजलं तरी उठायची. ती त्या गदारोळात गाढ झोपली होती.

"कोण भांडतंय मागे?" मामंजींनी पेढीवरून विचारलं.

"कुणी नाही, मामंजी."

महरूनं बटण दाबलं. एकाएकी स्वैपाकघर फार लहान झालं.

पत्र आषाढात आलं. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारपर्यंत पैसे भरून हजर व्हायचं होतं. महरूनं पाचगणीला कार्ड टाकलं. मास्तरांचं उत्तर आलं की आंबेनळी घाटात दरड आली आहे, रस्ता मोकळा झाला की गुरुवारी उतरतो. गुरुवार म्हणजे मुदतीच्या शनिवारच्या दोन दिवस आधीचा. महरू रोज येऊन मला विचारायची, घाट सुरू झाला का, जसं काही माझ्या माळ्यावरून घाट दिसत होता.

महाडच्या पावसात कपाटातलं काहीही कोरडं राहत नाही. गणपतीच्या आधी दागिने सोडवायला झुंबड उडते, म्हणून सासूबाईंनी कपाट उघडून एकेक गाठोडं बाहेर काढायला सुरुवात केली होती. एका दुपारी मी चिमीला पाजत पडले होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मंजुळा, त्या महरूच्या जाकिटावर कुणाची गं नावं आहेत?"

"टेरी, ग्लेन, बॅरी आणि डग."

"डग? ढग?"

"डग, आई. इंग्रजी नाव आहे."

"आणि पाखरू कसलं?"

"बगळा."

"हं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मला डुलकी लागली. पुढचे चार-पाच दिवस दुपारचं त्यांच्या खोलीत दार लोटलेलं असायचं. चिमीसाठी दुपटं शिवताहेत असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं.

गुरुवारी घाट सुरू झाला. केरसी मास्तर पोलादपूरला बस बदलून दुपारी आले, आणि पेढीच्या पुढच्या दारानं नाही, महरूबरोबर मागच्या दारानं आले. माझ्या माजघरात पुरुष गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. साठीचे, उंच, भिजलेली काळी टोपी हातात. त्यांनी आधी चिमीला नमस्कार केला, मग मला.

"लांबून आला मी," ते म्हणाले. "चल दिकरी, दाखव तुज्या बगळ्याला."

पडद्यापलीकडून मामंजींनी खाकरून आपण ऐकतोय हे कळवलं. सासूबाई आतून गाठोडं घेऊन आल्या. धुतलेल्या पंच्यात बांधलेलं, वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, जाणाऱ्या वस्तूला लावतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावर एक दबलेलं हसू होतं. तसं मी फक्त चिमीच्या बारशाला बघितलं होतं.

महरूनं गाठ सोडली.

जाकीट कोरं करकरीत होतं. निळा रंग उघडला होता. कोपराचं भोक इतकं बारीक रफू केलं होतं की हात लावल्याशिवाय कळलं नसतं. बटणं आरशासारखी. आणि पाठीवर, लाल, पिवळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या रेशमानं, साखळी टाक्यात, ठसठशीत अक्षरांत चार नावं होती: टेरी. ग्लेन. बॅरी. डग. खाली बगळा. एका पायावर उभा, लाल डोळ्याचा. त्याच्या चोचीत एक रुपेरी मासा होता. तो पूर्वी नव्हता.

महरूनं जाकीट उलटं करून आतली बाजू बघितली, मग पुन्हा पाठ वर केली.

"बुरशी धरली होती त्याला," सासूबाई म्हणाल्या. "रिठ्यात घातलं तर शाई सगळी पाण्यात आली. मला तर घामच फुटला. दुसऱ्याच्या वस्तूवरचं नाव गेलं म्हणजे काय! मग बसले. शाई काय, पुन्हा गेली असती. हे आता जन्मात जायचं नाही." आणि मास्तरांकडे बघून, "बगळा उपाशी दिसत होता, म्हणून मासा दिला."

केरसी मास्तर हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईही हसल्या. त्यांना वाटलं आवडलं. मग मास्तर पाटावर बसले, जाकीट मांडीवर घेतलं, आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवायला लागले. हसू कधी गेलं ते कळलंच नाही.

"बाई," ते म्हणाले, "असा काम मी कुठे पाहिला नाय. पण मला हे नको होता. मला सही पायजे होती. ज्यानं लिवली त्याच्या हाताची."

"हेही हातानंच केलंय," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी जाकिटाची घडी केली. त्यांनी मान खाली घातली.

महरू त्यांच्याकडे बघत होती. "म्हंजी किती देनार?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"दिकरी, आता हे जाकीट हाय. चांगला जाकीट हाय. जाकिटाचा काय ते देईन मी. पण बोललो होतो तो... तो चार सह्यांचा होता. त्या कुठे हायत आता?"

सगळ्यांच्या आधी सासूबाईंनी पडवीतल्या मोरीकडे बघितलं.

घाट पुन्हा बंद व्हायच्या आत मास्तरांना परतायचं होतं. त्यांनी जाकिटाचे म्हणून काढलेले पैसे महरूनं घेतले नाहीत. ते छत्री उघडून गेले. महरू भिंतीला टेकून बसली. ती रडली नाही. म्हणाली, "मंजूवहिनी, पानी दे गो," आणि पेला हातात धरून बसून राहिली. सासूबाई तिच्यासमोर तशाच उभ्या होत्या, पंच्याची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत.

"सही म्हणजे काय गं एवढं?" त्यांनी मला हळूच विचारलं. "नाव तेच तर आहे."

मी काय सांगणार? आमच्या घरात नाव म्हणजे वस्तू कुणाची ते कळायची खूण. झिजलं की पुन्हा घालायचं. कुणी घातलं याला काही मोल असतं, हे आमच्या तराजूत कधी आलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, चिमीच्या पायाचे कुंकवाचे ठसे तुम्ही कागदावर घेऊन ठेवलेत ना? ते पुसले आणि मी माझ्या बोटानं तसेच काढून दिले तर?"

त्यांनी पंचा खाली ठेवला.

मग थेट पडदा बाजूला सारून पेढीवर गेल्या. तीन वर्षांत मी त्यांना तो पडदा ओलांडताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर जे देणार होते ते ह्या मुलीला आपण द्यायचं," त्या म्हणाल्या.

मामंजी चष्म्यावरून बघत राहिले. "कशाबद्दल?"

"वस्तू माझ्या हातानं बिघडली."

"आण इकडे." त्यांनी जाकीट घेतलं, एकेक बटण मोजलं, चिमटीत धरून वाजवून बघितलं. "सहा होती, सहा आहेत. मी बटणांवर दिलं. वस्तू पूर्ण आहे. उलट उजळलीय. आणि उद्या गावात झालं की मुरारशेटच्या उजाळ्यानं माल बिघडतो, तर? तोंड बंद ठेवा सगळ्यांनी."

"शेट," महरू पडद्यापाशी येऊन म्हणाली, "बटनं काढून ठेवा मग. बाकीचं मी नेते."

"नियमानं बोलतोय मी, मुली. माझा राग नाही तुझ्यावर."

"माजापन नाय. बटनांवर कसला राग?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. फार शांत आवाजात म्हणाल्या, "मुरारशेटचा उजाळा. किती रिठे फोडलेत हो तुम्ही आजवर?"

हे तेवढ्यात बाहेरून आले होते. दारातच चप्पल काढत उभे राहिले. आईचा तो आवाज त्यांनीही कधी ऐकला नसावा. ते पुन्हा चप्पल घालून कुठेतरी गेले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी रिठ्याचं पाणी मोरीत ओतून दिलं. देवापुढे जाऊन म्हणाल्या, ज्या हातानं पोरीचं नुकसान झालं त्या हातानं मी आता परक्याचा जिन्नस धुणार नाही. जेवायला वाढलं, सगळं नेहमीसारखं केलं. पण शुक्रवारी सकाळी दागिने सोडवायला लोक आले तेव्हा मामंजींनी पडद्याआडून नेहमीसारखा हात पुढे केला आणि त्यांच्या हातात आलेले दागिने ठेवले होते तसेच होते, काळे.

"आहे तसं द्या," सासूबाई आतून म्हणाल्या.

गोदूबाई म्हणून एक फटकळ बाई बिरवाडीहून आली होती. मागच्या दारात उभी राहून तिनं पुतळ्यांची माळ उजेडात धरली. "शेटानू, ही काय माझी नाय! माझी लखलखीत होती. गौरीच्या अंगावर ही घालू? ह्यापरीस सावकाराकडं ठेवली असती, तो निदान व्याजात तरी गोड बोलतो."

दुपारपर्यंत अशा पाच-सहा जणी झाल्या. पुढच्या दारातही कुणीतरी हसून काही बोललं आणि मामंजींचा आवाज चढला. जेवायला बसले तेव्हा त्यांनी ताटाला हात लावला नाही.

महरू आली होती. तिच्या प्रवेशाची मुदत उद्या संपणार होती. ती काही मागायला आली नव्हती. घरी बसवत नव्हतं म्हणून चिमीला कडेवर घेऊन मागच्या दारात उभी होती. मामंजींनी तिला बघितलं, मग सासूबाईंना.

"दिले पैसे," ते म्हणाले. "समजा दिले. पुढे? गणपती तोंडावर आहेत. कपाट भरलंय. उजाळा कोण देणार?"

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "देवापुढे बोलून बसलेय."

"मग?"

ह्यांनी ताटातला भात कालवायला सुरुवात केली आणि कालवतच राहिले.

"सूनबाई करतील," मामंजी म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "कबूल असेल तर देतो. कायमचं काम आहे, दोन दिवसांचं नाही. माझ्या पेढीचं नाव आहे त्यावर."

नारळी पौर्णिमेला मी पेणला माझ्या आईकडे जाणार होते. चिमी झाल्यापासून पहिल्यांदाच. आईनं मोठा पाळणा मागवून ठेवला होता, वडील न्यायला येणार होते. कामाला बसलं की गणपतीपर्यंत हलता येणार नाही, आणि गणपतीनंतर नवरात्र, मग दिवाळी, मग लग्नं. हे सगळं एका क्षणात माझ्यापुढून गेलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे हात मांडीवर होते, बोटांच्या पेरांची सालं गेलेली, नखं पांढरी पडलेली. चाळीस वर्षांनी ते हात नुसते मांडीवर होते.

"नको गो," महरू दारातून म्हणाली. "माज्यासाठी नको. मी बघते काय ते."

"काय बघणार आहेस तू?" मी म्हटलं. ते जरा रागानंच आलं तोंडून. मग मामंजींच्या ताटाकडे बघून म्हटलं, "करीन मी."

मामंजी ताटावरून उठले. पेढीवर तिजोरीचं दार वाजलं. पैसे त्यांनी महरूच्या हातात दिले नाहीत, माझ्या हातात दिले, आणि मी तिच्या. मागच्या दाराची रीतच तशी होती.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं तिला निघायचं होतं. सासरी तिनं काय सांगितलं, कसं सांगितलं, हे तिनं मला सांगितलं नाही. एक ट्रंक आणि अंगात ते जाकीट. बाहेर पाऊस, आणि तिच्या पाठीवर लाल डोळ्याचा बगळा. मी म्हटलं, वसतिगृहात मुली विचारतील, हे कोण चौघे? ती म्हणाली, "सांगीन, माजे चार दीर." आम्ही हसलो, पण फार वेळ नाही.

"चल ना स्टँडवर," ती म्हणाली. "दोन मिनिटांचा रस्ता."

मी उत्तर देणार तोच सासूबाई छत्री घेऊन बाहेर आल्या. पायात मामंजींच्या वहाणा होत्या. त्यांना स्वतःच्या बाहेरच्या चपला नव्हत्याच. "मी जाते तिला पोचवायला," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे एवढं झालं. आण गं चिमीला, तिला मोटारी दाखवते." आणि जरा थांबून, जणू आठवण झाल्यासारखं, "तू आहेस ना घरात."

"आहे," मी म्हटलं.

त्या दोघी गेल्या. सासूबाई भराभर चालत होत्या, मोठ्या वहाणा फटफट वाजवत, एकदाही मागे वळून न बघता. चिमीनं त्यांच्या खांद्यावरून मला टाटा केला.

मी दार लावलं. पाट घेतला. रिठे रात्रीच भिजत घातले होते. पहिली आली ती गोदूबाईची माळ, तिनं परत पाठवलेली. एकेक पुतळी चिमटीत धरून घासायला लागले. पाणी कडू वासाचं, चिकट. बराच वेळ काही दिसत नव्हतं. मग एका पुतळीवर पिवळा उजेड फुटला आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. त्या आनंदाची मला भीती वाटली.

त्या आल्या तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. सासूबाईंचे केस भिजले होते, गाल लाल झाले होते. स्टँडवर चहा प्यायलो म्हणाल्या. कपात. महरूला खिडकी मिळाली, माणगावपर्यंत एक बाई सोबत आहे. परत येताना मुद्दाम बाजारातून आलो, चिमीला कोंबडे दाखवले. त्या बोलतच होत्या. एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

चिमी पेंगुळली होती. दात येत होते तिचे, त्यामुळे माझं बोट चघळल्याशिवाय तिला झोप लागत नसे. मी हात धुतले, पुसले, तिला मांडीवर घेतलं. तिनं सवयीनं माझी तर्जनी ओढून तोंडात घातली आणि तोंड कसंनुसं करून थुंकली. माझ्याकडे असं बघितलं तिनं, जणू मी दुसरंच कुणी आहे. मग रडायला लागली.

मी पुन्हा हात धुतले. साबणानं धुतले, राखेनं धुतले, लिंबू चोळलं. दिलं, तिनं पुन्हा थुंकलं. सासूबाई म्हणाल्या, "जात नाही तो लगेच. दे माझ्याकडे." मी दिली नाही. तिला घेऊन माळ्यावर गेले, गजांपाशी बसले. ती रडत होती, मी तिला खाली रस्त्यावरच्या छत्र्या दाखवत होते: ही काळी, ही काळी, ही बघ फाटकी. रडता रडता तिनं पुन्हा माझं बोट धरलं. या वेळी सोडलं नाही. कडू लागत होतं, कपाळावर आठ्या होत्या, हुंदके येत होते, तरी चघळत राहिली. हळूहळू डोळे मिटले तिनं. मी बोट तसंच ठेवलं.

खालून मामंजींचा आवाज आला. "सूनबाई, माळ झाली का?"

"झाली," मी हळूच म्हटलं. ती उठू नये म्हणून इतक्या हळू, की त्यांना ते ऐकू गेलं नाही आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.